चौथा घाणा

जुनं यंत्र घेताना फसलेल्या बायकाच एक दिवस ते यंत्र विकायला निघतात. मग समोरच्या बाईला काय सांगायचं आणि काय नाही?

'ताई, तीन घाणे काढून दाखवू. चौथा लावाचाच नाही. त्यायले काय समजते!'

आमच्या बचत गटाच्या बैठकीत हे वाक्य कोण म्हणालं, ते सांगत नाही. कारण त्या संध्याकाळी बहुतेकींच्या मनात तेच होतं. खरं सांगायचं तर माझ्याही मनात ते एकदा डोकावून गेलं होतं. आम्हाला आमचं कॉफी भाजायचं जुनं यंत्र विकायचं होतं. घेणाऱ्या बायका रविवारी येणार होत्या. यंत्रात एक दोष होता. तीन घाण्यांपर्यंत तो कळत नसे, चौथ्याला मात्र स्पष्ट ऐकू येई. आम्ही तीनच घाणे दाखवले, तर ते खोटं बोलणं झालं का? तोंडाने तर आम्ही काहीच खोटं सांगणार नव्हतो!

हा पेच आमच्यापुढे का आला, ते कळायला तीन वर्षं मागे जायला हवं.

परतवाड्यात कॉफी?

'परतवाड्यात आणि कॉफी?' असं पाहुणे आजही विचारतात. आमच्या वऱ्हाडात चहाशिवाय पान हलत नाही, हे खरंच आहे. पण परतवाड्याहून घाट चढून वर गेलं की तासाभरात चिखलदरा लागतो. समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंच. इंग्रजांनी थंड हवेसाठी हे ठिकाण वसवलं आणि त्यांच्याच काळात इथे कॉफीची झाडं लागली. महाराष्ट्रात कॉफी पिकते कुठे, असं विचारलं तर चिखलदऱ्याचंच नाव घेतलं जातं. पीक थोडकं आहे, पण पावसाळ्यात धुकं आणि धबधबे बघायला येणाऱ्या पर्यटकांना 'इथली कॉफी' घरी न्यायची असते.

आमच्या गटातल्या दहाजणी आधी पापड, कुरडया, सांडगे, मसाले करायच्या. चिखलदऱ्याच्या रस्त्यावर मोसमात आमचा स्टॉल लागायचा. तिथेच ही कॉफीची कल्पना निघाली. थोडा दाणा इथला, बाकीचा कर्नाटकातून मागवायचा. देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास कॉफी एकट्या कर्नाटकात होते. एक काळ असा होता की बागायतदाराला आपली कॉफी परस्पर विकताच येत नसे. १९४२ च्या कायद्यानुसार ती कॉफी बोर्डाच्या एकत्रित साठ्यात द्यावी लागे. नव्वदच्या दशकात ही बंधनं सैल होत गेली आणि १९९६ मध्ये बाजार पूर्ण मोकळा झाला. म्हणून तर आज आमच्यासारख्या दहाजणीही थेट बागेतून दोन पोती कच्चा दाणा मागवू शकतात.

कच्चा दाणा हिरवट असतो, वासाला वाळल्या गवतासारखा. सुरुवातीला आम्ही तो कढईतच भाजला. दाणे भाजायची सवय सगळ्यांना, त्यात काय विशेष! पण कॉफीचा दाणा कठीण. वरून काळा व्हायचा आणि दळला की आतून कच्चट निघायचा. शिवाय प्रत्येक कढईचा रंग वेगळा, चव वेगळी. मागच्या वेळची कॉफी चांगली होती म्हणून परत येणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही तीच चव देऊ शकत नव्हतो. मग यंत्र घ्यायचं ठरलं.

रंग बघून घेतलेलं यंत्र

नवं यंत्र घ्यायची ऐपत नव्हती. आमच्या गटाचे हिशोब तेव्हा कच्चे, त्यामुळे बँक कर्जासाठी दारात उभं करेना. २०२१ साल होतं. टाळेबंदीच्या फटक्यात अनेक हॉटेलं, कॅफे बंद पडले होते आणि त्यांचं सामान विकायला निघत होतं. नागपूरचा एक कॅफेही असाच बंद झालेला. त्यांच्याकडे पाच किलोचं यंत्र होतं, म्हणजे एका घाण्याला पाच किलो कच्चा दाणा घेणारं. किंमत एक लाख नव्वद हजार.

दहाजणींनी दहा-दहा हजार काढले, एक लाख झाले. साठ हजार गटाच्या बचतीतले. उरलेले तीस हजार कुठून आणायचे? तेव्हा आमच्या मावशी पुढे झाल्या. गटात सगळ्यांत वडील त्याच, म्हणून त्या सगळ्यांच्याच मावशी. त्यांनी सासूकडून मिळालेल्या पाटल्या गहाण ठेवल्या आणि तीस हजार आणून दिले. 'पहिल्या कमाईतून मावशींच्या पाटल्या सोडवायच्या' असा ठराव आम्ही वहीत लिहिला. सगळ्यांनी सह्या केल्या.

आम्ही चौघी यंत्र बघायला गेलो. मी बी.ए. झालेली, मराठी आणि इतिहास घेऊन. यंत्रातलं मला काय कळणार? काळा चकचकीत रंग, पितळेची मूठ, समोर छोटीशी काच. माझं मन तिथेच बसलं. त्यांनी बटण दाबलं, ड्रम गोल फिरला, आवाज नाही की खडखड नाही. 'तापवून दाखवा ना,' असं आमच्यातली एक म्हणाली. 'गॅस सिलिंडर संपलंय हो, पण बघताय ना कसं लोण्यासारखं फिरतंय!' आम्ही बघितलं. खरंच लोण्यासारखं फिरत होतं.

मैत्रिणींनो, भाजायचं यंत्र थंड असताना बघणं म्हणजे मुलगी न बोलताच पसंत करणं! पण तेव्हा ते कळलं नाही.

यंत्र घरी आलं आणि एकेक गोष्ट उलगडत गेली. त्याला थ्री फेज वीज लागत होती, आमच्या गाळ्यात सिंगल फेज. ती जोडणी घेण्यात महिना गेला. वरचं धुराडं उघडलं, तर आत जळलेला कोंडा बोटभर जाडीचा साचलेला. कॉफी भाजताना दाण्याची पातळ साल सुटते, ती कागदासारखी हलकी असते आणि ठिणगी लागली की भडकते. तो कोंडा तसाच राहिला असता, तर पहिल्याच दिवशी गाळ्याला आग लागली असती. मावशींनी जुनी साडी कमरेला खोचली आणि खराट्याने ते धुराडं खरवडून काढलं.

शेवटी एकदाचा पहिला घाणा लागला. दाणे आधी पिवळे झाले, मग भाजलेल्या कणकेसारखा वास सुटला. मग लालसर, आणि मग लाह्या फुटाव्यात तसा तडतड आवाज. तापमान दोनशे अंशांच्या जवळ गेलं की हा आवाज येतो. आम्ही टाळ्या वाजवल्या. थंड करून वजन केलं तर भरलं चार किलो दोनशे ग्रॅम.

'पाच टाकले होते. आठशे ग्रॅम गेले कुठी?' मावशींनी कमरेवर हात ठेवून विचारलं.

पाणी उडून जातं, साल जाते, म्हणून वजन घटतं हे त्यांना मी पुस्तकात वाचून समजावलं. 'म्हंजे दाम आठशे ग्रॅम धरून लावा लागते,' त्या म्हणाल्या. शाळेची पायरी न चढलेल्या मावशींनी पहिल्याच दिवशी धंद्याचं मुख्य गणित मांडलं होतं.

दुसरा घाणा झाला. तिसऱ्याच्या मध्यावर आवाज आला. कर्रर्र. लोखंडावर लोखंड घासल्याचा. अंगावर काटा येईल असा.

'बल' म्हणजे काय

परतवाड्यातल्या लेथवाल्या चाचांना बोलावलं. त्यांनी यंत्र तापवून, कान लावून ऐकलं. मग थंड करून पुढचा पत्रा उघडला. 'बेरिंग बदल देता हूं बाई, लेकिन ड्रम में बल है.'

बल म्हणजे पीळ. कधीतरी यंत्र पेटतं असताना ड्रमचं फिरणं थांबलं असणार. खालून आच आणि ड्रम एका जागी उभा. मग तापलेलं लोखंड किंचित वाकतं, आणि ते वाकणं तसंच राहतं. थंड असताना ते कळत नाही. पण लोखंड तापलं की वाढतं. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोहार ती आधी तापवतो ना, त्याच कारणाने. वाढलेला, वाकडा ड्रम पुढच्या पत्र्याला घासू लागतो. मधली फट वाढवावी, तर दाणे त्यात अडकतात.

चाचांनी बेअरिंग बदललं, फट शक्य तेवढी जुळवून दिली. आता तीन घाणे बिनबोभाट निघू लागले. चौथ्याला घासायला लागलं की गॅस बंद करून, ड्रम फिरता ठेवून अर्धा तास थांबायचं. मग पुन्हा तीन. त्या दुरुस्तीला, धुराड्याला आणि वाया गेलेल्या मालाला मिळून सत्तावीस हजार गेले. मावशींच्या पाटल्यांसाठी राखून ठेवलेले पहिल्या कमाईचे पैसे ते हेच.

नागपूरला फोन केला. 'आमच्याकडे तर चांगलं चालत होतं,' असं उत्तर आलं. पुढे फोन उचलणंच बंद झालं. आमच्याकडे पक्कं बिल नव्हतं, दोन ओळींचा लेखी करारही नव्हता. फक्त पितळेची मूठ होती.

मावशी मात्र त्या यंत्रावरच बसल्या. दीड वर्षात त्यांचा हात असा तयार झाला की घड्याळ न बघता, नुसत्या वासावर त्या दाणा काढायच्या. वीज गेली की काय करायचं तेही त्यांनीच बसवलं. आमच्याकडे वीज न सांगता जाते. अशा वेळी सगळ्यात आधी गॅस बंद, मग झडप उघडून दाणे बाहेर, आणि मग पट्ट्याचं चाक हाताने फिरवत राहायचं. नाहीतर ड्रमला आणखी पीळ! प्रत्येक घाण्याची नोंद वहीत व्हायची. तारीख, किती दाणा, किती मिनिटं, किती निघाला, काही त्रास झाला का. लिहायची सून, सांगायच्या मावशी.

आता विकायची पाळी आमची

२०२४ पर्यंत मागणी एवढी वाढली की पाच किलोचं यंत्र पुरेना. आता हिशोब पक्के होते, बँक ऐकून घेत होती. २०२० साली केंद्र सरकारने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना आणली, तिच्यात यंत्राच्या खर्चावर ३५ टक्के अनुदान आणि बाकी बँकेचं कर्ज अशी सोय होती. स्वतःचा हिस्सा किमान दहा टक्के. मोठ्या यंत्राचा खर्च नऊ लाखांच्या घरात, म्हणजे आमचे नव्वद हजार. वीज, पाया, धुराडं यासाठी आणखी वीस हजार. आणि मावशींचे तीस हजार. एकूण एक लाख चाळीस हजार. बाजारात चौकशी केली तर जुन्या यंत्राला साधारण तेवढेच येतील, असं दिसलं.

विकणं हे विकत घेण्याहूनही अवघड असतं, हे तेव्हा कळलं. ओळखीच्यांना फोटो पाठवले. पहिला फोन भंगारवाल्याचा आला, तो किलोचा भाव विचारत होता. दुसऱ्याने यंत्र न बघताच सौदा पक्का केला आणि म्हणाला, 'ॲडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.' आमच्या कोषाध्यक्ष मुलीने फोन तिथेच बंद केला. पैसे मिळवायला पिन टाकावा लागत नाही, पिन लागतो तो पैसे द्यायला. हे प्रत्येकीने लक्षात ठेवावं.

मग यवतमाळ जिल्ह्यातल्या एका महिला गटाचा फोन आला. त्या जवस, तीळ, शेंगदाण्याच्या चटण्या करतात. कॉफीशी त्यांचा संबंध नाही, पण शेंगदाणे कढईत भाजून हात भाजून निघतात, म्हणून त्यांना फिरता ड्रम हवा होता. रविवारी सहाजणी बघायला येणार होत्या.

आणि शुक्रवारी आमची ती बैठक झाली.

मी म्हटलं, 'दोष सांगून टाकू. आपण फसलो, म्हणून दुसऱ्यांना का फसवायचं?' मला वाटलं होतं, सगळ्या माना डोलावतील. कुणी डोलावली नाही. मावशी खाली बघून साडीच्या काठाचा दोरा ओढत होत्या. मग तशाच, वर न बघता बोलल्या.

'तुमचं काय हाये ताई, तुमच्या पाटल्या तुमच्याच हातात हायेत.'

माझ्या हातात खरंच पाटल्या होत्या. मी हात पदराखाली घेतला. काय बोलणार? तीन वर्षं मावशी त्या कर्जाचं व्याज भरत होत्या. फसवलं कुणी, आणि भरत होतं कोण! त्या तीस हजारांवर पाणी सोडा, असं सांगण्याचा मला काय अधिकार होता? समाजकार्य करणाऱ्या आम्हा बायकांना प्रामाणिकपणाचे धडे द्यायची सवय लागते. त्याची किंमत मात्र बऱ्याचदा दुसरीच कुणीतरी मोजते. त्या रात्री मला झोप आली नाही. शेवटी ठरलं काहीच नाही. 'रविवारी पाहू' एवढ्यावर बैठक मोडली.

बघायचं काय, विचारायचं काय

पुढची गोष्ट सांगण्याआधी, तीन वर्षांत आम्ही जे शिकलो ते सांगते. कॉफीचं असो, शेंगदाण्याचं असो की मसाल्याचं, भाजायचं जुनं यंत्र घेताना उपयोगी पडेल.

यंत्र तापवूनच बघावं. एक घाणा पुरत नाही, निदान चार-पाच सलग काढायला लावावेत. दाणा आपला घेऊन जावा. सिलिंडर संपलंय म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी परत जावं, पण थंड यंत्रावर पैसे ठेवू नयेत.

वीज बंद असताना ड्रम हाताने फिरवून बघावा. कुठे जड, कुठे हलका लागतो का? बर्नरची ज्योत निळी हवी, पिवळी नको. धुराडं उघडून आत बॅटरीचा उजेड टाकावा. आधी त्यात काय भाजत होते तेही विचारावं. मिरची-मसाल्याचा वास लोखंडात मुरलेला असला, तर कॉफीला तो लागतोच.

वीज सिंगल फेज की थ्री फेज, हे आधी विचारावं. यंत्र आपल्या दारातून आत जाईल का, हेही मोजावं. हसू नका, आम्हाला चौकट काढावी लागली होती. बेअरिंग, पट्टा कुठे मिळतो ते लिहून घ्यावं. यंत्रावरची पाटी आणि त्यावरचा क्रमांक यांचा फोटो काढावा. आणि दोन ओळींचं का होईना, लेखी घ्यावं. काय विकलं, कुठल्या स्थितीत, किती रुपयांना.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक साधा प्रश्न विचारावा. 'तुम्ही रोज यावर किती काम काढत होता?' या प्रश्नाला तोंडदेखलं उत्तर देणं फार कठीण जातं. कसं, ते आता सांगते.

रविवार

सहाजणी सकाळच्या एसटीने आल्या. सोबत दहा किलो शेंगदाणे आणि एका डब्यात जवस. आम्ही कांदेपोहे केले. मी दोषाबद्दल बोलायला तोंड उघडलं की कुणीतरी चहाचा कप पुढे करायचं.

मावशींनी यंत्र पेटवलं. आधी आमची कॉफी भाजून दाखवायची ठरलं होतं. पहिला घाणा सुरेख निघाला. दुसराही. पाहुण्या यंत्राभोवती फिरून बघत होत्या, काचेतून आत डोकावत होत्या. तिसऱ्या घाण्याचा दाणा थंड व्हायला जाळीवर पडला आणि सगळ्या घरभर वास पसरला. आमच्या अध्यक्षबाई लगेच म्हणाल्या, 'झालं, आता गॅस बंद करा मावशी, चला जेवायला.'

मावशींचा हात गॅसच्या चावीवर गेला. तेवढ्यात पाहुण्यांमधली एक बाई, सावळी, माझ्याच वयाची, त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. तिच्या हातावर जुन्या भाजल्याचे पांढरे डाग होते. तिने सहज विचारलं,

'मावशी, दिवसाले किती घाणे निघतात वो?'

मावशी काही बोलल्या नाहीत. मला त्यांची पाठ दिसत होती. 'दहा' म्हटलं असतं, तरी ते खोटं नव्हतं. मधे थांबत थांबत दहा निघतच होते.

मावशींनी चावीवरचा हात काढला. शांतपणे काट्यावर पाच किलो दाणा मोजला आणि यंत्रात ओतला. चौथा घाणा.

आमच्या गटातली एकही बाई हलली नाही. सात-आठ मिनिटं गेली असतील. मग तो आवाज आला. कर्रर्र.

'ऐका,' मावशी म्हणाल्या. 'हा आवाज चवथ्या घाण्याले येते. ड्रमले पीळ हाये. मंग गॅस बंद करून अर्धा घंटा थांबा लागते. तसे केलं तं दिवसाले दहा निघतात. नाही केलं तं मशीन खराब होते.'

पुढचा तासभर जे बोलणं झालं, ते खरं खरेदी-विक्रीचं बोलणं होतं. आम्ही सगळं सांगितलं. चाचांचा पत्ता, बेअरिंगचा नंबर, वीज गेली की काय करायचं. थंड करायच्या जाळीची भोकं कॉफीच्या मापाची आहेत, त्यातून तीळ-जवस खाली गळेल, वर बारीक जाळी टाकून घ्या, हेही सांगितलं. त्यांनी आपले शेंगदाणे लावून बघितले. आणि एक गोष्ट आमच्या लक्षात आली, जी तीन वर्षांत आम्हाला सुचली नव्हती. शेंगदाण्याला कॉफीएवढी आच लागतच नाही. आच कमी, तर लोखंडाची वाढही कमी. यंत्र तापलेलंच होतं, तरी शेंगदाण्याचे दोन घाणे झाले आणि आवाज पार मंदावला.

पण म्हणून काही त्यांनी पूर्ण किंमत दिली नाही. आणि का द्यावी? दोष तो दोष. त्यांच्या अध्यक्षबाई भाव करायला खमक्या होत्या. एक लाख चाळीस हजारांवरून एक लाख दहा हजारांवर सौदा तुटला. बरोबर तीस हजार कमी. सगळ्यांनी एकदम मावशींकडे बघितलं. मावशी जाळी पुसत होत्या.

यंत्र टेम्पोत चढवताना मावशींनी नोंदींच्या तिन्ही वह्या त्या सावळ्या बाईच्या हातात दिल्या. पैसे खात्यात जमा झाले, दोन्ही गटांच्या सह्यांचा कागद झाला. त्यात पिळाचा उल्लेख होता.

रात्री मावशींना घरी सोडायला गेले. वाटेत न राहवून विचारलं, 'मावशी, शुक्रवारी तर तुम्ही...'

'शुक्रवारी कोनी इचारलंच नव्हतं,' त्या म्हणाल्या. 'नागपूरले आपण तरी कुठी इचारलं? पितळंची मूठ पाहून आलो. तिनं तं इचारलं नं. इचारणाऱ्या बाईले कसं फसवाव?'

मला यात अजूनही एक खटकतं. न विचारणाऱ्याला फसवलं तर चालतं का? माझं उत्तर 'नाही' असंच आहे. पण ते मी मावशींना सांगितलं नाही. माझं उत्तर बैठकीत बसून दिलेलं होतं. मावशींनी त्यांचं उत्तर तीस हजार रुपये बाजूला ठेवून दिलं होतं.

मावशींच्या पाटल्या त्या दिवाळीला सुटल्या नाहीत. नव्या यंत्राचं पहिलं वर्ष कठीणच गेलं. नेमके तेव्हाच जगभर कॉफीचे भाव कडाडले, कच्चा दाणा महागला. पण पुढच्या बैठकीत कुणी न सुचवता एक ठराव झाला. महिन्याच्या वाटपाआधी प्रत्येकीने तीनशे रुपये बाजूला काढायचे. पहिलं नाव चौथ्या घाण्याला विरोध करणारीचं होतं. माझंही होतं. पाटल्या २०२५ च्या संक्रांतीनंतर सुटल्या, जरा उशिराच. मावशींनी त्या हातात घातल्या, थोडा वेळ बघितल्या आणि काढून ठेवल्या. 'मशीनजवळ तापतात,' म्हणाल्या.

यवतमाळहून अधूनमधून फोन येतो. आम्ही विचारतो, 'कशी आहे मशीन?' पलीकडून ती बाई आकडा सांगते. आज आठ घाणे, आज अकरा. आता तिच्याकडेही वही आहे. आणि पहिल्या पानावर, आमच्याच वहीतलं बघून, तिने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय म्हणे: ड्रमला पीळ आहे.